झिका कुठून आला, हे जिनोम सांगतो. कोणी आणला, हे बहुधा नाही

प्रश्न असा आहे: "२०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले तेव्हा आमच्या सोसायटीतल्या दोघांचेही नमुने एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) गेले. पॉझिटिव्ह एवढेच कळले. जिनोम सिक्वेन्सिंग करून साथीचा उगम शोधता येतो असे वाचतो. मग आमच्याकडे झिका कुठून आला, कोणी आणला, हे त्यातून कळले असेल ना? आणि कळले असेल तर आम्हाला का सांगितले नाही?"

मी पुण्यात बरीच वर्षे विषाणूंच्या सिक्वेन्सिंगचे, म्हणजे त्यांचा जिनोम (आनुवंशिक मजकूर) अक्षर-अक्षर वाचण्याचे, काम करतो. हा प्रश्न वेगवेगळ्या आजारांच्या नावाने दर पावसाळ्यात कानावर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न सुटा करू. "कुठून आला" यात तीन प्रश्न गुंतलेले असतात. हा विषाणू मुळात कोणत्या प्राण्यातून माणसात आला? आपल्या देशात, आपल्या जिल्ह्यात तो कधी आणि कुठल्या बाजूने शिरला? आणि आमच्या इमारतीत तो कोणाकडून कोणाला गेला? मधल्या प्रश्नाला सिक्वेन्सिंग फार चांगले उत्तर देते. पहिल्याला कधीकधी देते. तिसऱ्याला, म्हणजे लोकांना सगळ्यात जास्त रस असतो त्या प्रश्नाला, ते सहसा उत्तर देतच नाही. वाहिन्यांवर "पेशंट झिरो"चा, म्हणजे साथीतल्या पहिल्या रुग्णाचा, शोध चालतो तेव्हा आमच्या लॅबमध्ये कोणी मान वर करूनही बघत नाही, ते यामुळेच.

हे असे का, ते समजायला पद्धत थोडी माहीत हवी. झिका हा डासांतून पसरणारा विषाणू. त्याचा जिनोम म्हणजे आरएनएची एक साखळी, साधारण १०,८०० अक्षरांची. डेंगीचा तेवढाच, चिकनगुन्याचा ११,८०० च्या आसपास, इबोलाचा १९,०००, कोविडच्या विषाणूचा जवळपास ३०,०००. विषाणू पेशीत शिरला की या साखळीच्या नकला निघतात आणि नकला काढणारे एन्झाइम चुका करते. बहुतेक आरएनए विषाणूंकडे त्या चुका तपासून दुरुस्त करायची सोय नसते. कोरोनाच्या कुळाकडे थोडीफार असते. चुकलेली नक्कल जगली तर तिची चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते.

एरंडवण्याच्या माणसाला हे समजावायला लांब जावे लागत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, १९१९ ते १९६६. देशभरातून आणलेल्या हजाराहून अधिक हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले गेले. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक एकाच जागी दिसली, तर त्या दोघींच्या मागे कुठेतरी एकच मूळ पोथी असणार, हे त्या कामातले साधे तत्त्व. आमचे वंशवृक्ष याच तत्त्वावर उभे असतात. सारखेपणावरून नाते ठरत नाही, वाटून घेतलेल्या चुकांवरून ठरते. आणि जी अडचण त्या संपादकांना होती तीच आम्हालाही येते. लेखनिकाने समोर दोन पोथ्या ठेवून थोडे इकडचे, थोडे तिकडचे उतरवले असेल तर वंशावळ बिघडते. दोन विषाणू एकाच पेशीत शिरले की तेही अशी सरमिसळ करतात. फ्लूमध्ये तर हे नेहमीचेच, कारण त्याचा जिनोम आठ सुट्या तुकड्यांत असतो आणि तुकडे सहज बदलले जातात. २००९ साली आलेला स्वाइन फ्लू असाच जुळलेला होता. त्याचे आठ तुकडे डुकरांमधल्या वेगवेगळ्या वंशांतून आले होते आणि त्या वंशांतले काही मुळात पक्ष्यांतून आणि माणसांतून डुकरांत गेलेले. त्या वेळी पुण्याने काय पाहिले ते वेगळे सांगायला नको. या साथीतला देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये इथलाच.

चुका साधारण ठरावीक वेगाने साचतात, म्हणून त्यांच्यावरून काळही मोजता येतो. झिका, डेंगी यांच्यात वर्षाला दहाएक अक्षरे बदलतात. कोविडच्या विषाणूत महिन्याला दोन. पोलिओत एका विशिष्ट जनुकाचा वर्षाला सुमारे एक टक्का भाग बदलतो आणि त्यावरून एखादा विषाणू किती महिने कोणाला न दिसता फिरत होता हे काढता येते. २०१० मध्ये ताजिकिस्तानात पोलिओची मोठी साथ आली तेव्हा तिथला विषाणू उत्तर प्रदेशातल्या विषाणूच्या वंशातला निघाला, तो असाच ताडून.

आता मधल्या प्रश्नाचे, म्हणजे "आपल्याकडे कधी आणि कुठून" याचे, माझ्या मते सगळ्यात बोलके उदाहरण पुणे जिल्ह्यातलेच आहे. ते झिकाचे नाही, चिकनगुन्याचे आहे.

२००६ चा चिकनगुन्या अनेकांना आठवत असेल. घरेच्या घरे सांधे धरून बसली होती. देशात त्या वर्षी सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. त्याआधी हा आजार आपल्याला नवा नव्हता. १९६३ साली कोलकात्यात तो आला होता, १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ झाली आणि मग तीसेक वर्षे तो जवळजवळ विस्मरणात गेला. त्यामुळे २००५ च्या अखेरीस तो परतला तेव्हा पहिला अंदाज असा की जुनाच विषाणू कुठेतरी दबा धरून होता आणि आता उसळला. जिनोम पाहिले तर तसे नव्हते. १९६३ ते १९७३ चे जुने विषाणू आशियाई प्रकारचे होते. २००६ चे पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेत आढळणाऱ्या प्रकारचे. म्हणजे बार्शीचा विषाणू परत आला नव्हता, दुसराच आला होता.

मग दुसरा अंदाज पुढे आला, आणि तो अगदी पटण्यासारखा होता. २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर साथ झाली, तिथून ती हिंदी महासागरातल्या बेटांवर गेली, रियुनियन बेटावर लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाइतके लोक आजारी पडले, आणि त्याच सुमारास भारतात साथ सुरू झाली. तेव्हा बेटांवरून विषाणू इकडे आला, असे सरळ चित्र. पर्यटक, विमाने, तारखा, सगळे जुळत होते.

या चित्राला धक्का बसला तो यवतमुळे. सोलापूर रस्त्यावरचे, दौंड तालुक्यातले यवत. तिथे २००० साली पकडलेल्या डासांमधून वेगळा केलेला एक चिकनगुन्याचा विषाणू एनआयव्हीच्या संग्रहात होता. २००६ च्या साथीनंतर जुन्या-नव्या विषाणूंचे जिनोम शेजारी ठेवून पाहिले तेव्हा हा यवतचा विषाणूही आफ्रिकी प्रकारचाच निघाला. साथीच्या पाच वर्षे आधी, जेव्हा चिकनगुन्याचे नावही कोणी घेत नव्हते तेव्हा, तो प्रकार पुणे जिल्ह्यातल्या डासांत हजर होता. पुढे जगभरातले जिनोम एकत्र करून काढलेल्या वंशवृक्षातही बेटांवरची साथ आणि भारतातली साथ या एकीतून दुसरी निघालेल्या दिसल्या नाहीत. पूर्व आफ्रिकेच्या बाजूने आलेल्या दोन स्वतंत्र फांद्या दिसल्या.

या गोष्टीतून काय निघते आणि काय निघत नाही, दोन्ही पाहा. यवतच्या एका नमुन्यावरून "२००६ ची साथ यवतहून पसरली" असे म्हणणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे. तो एकच नमुना आहे. त्याच वर्षी तोच विषाणू आणखी पन्नास गावांत असेल आणि तिथे डास पकडायला कोणी गेले नसेल. पण "तो २००५ मध्ये पहिल्यांदा आला" हे मात्र त्या एका नमुन्याने कायमचे खोडून काढले. सिक्वेन्सिंगची ताकद बरीचशी अशी आहे. ते दावे खोडायला फार मजबूत आणि दावे सिद्ध करायला त्या मानाने कच्चे. आणखी एक. तो डास २००० साली कोणी पकडला नसता, विषाणू वाढवून फ्रीझरमध्ये नाव-गाव-तारखेसह ठेवला नसता, तर २००६ मध्ये जगातले सगळ्यात महागडे मशीन आणूनही हे कळले नसते. पैसा येतो तेव्हा मशीनला येतो. फ्रीझरचे वीजबिल, डिझेल जनरेटर आणि वर्षानुवर्षे डास पकडत फिरणारी माणसे यांच्यासाठी पैसा मागायला गेले की समोरच्याचा चेहरा बदलतो. असो.

झिकाकडे येतो. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. गावात तापाचे रुग्ण वाढले होते, डेंगी-चिकनगुन्यासाठी नमुने तपासले जात होते, त्यात एका महिलेच्या नमुन्यात झिका आणि चिकनगुन्या दोन्ही मिळाले. त्याच महिन्यात केरळातही झिकाची साथ जाहीर झाली होती, त्यामुळे "केरळातून आला" असे लगेच बोलले गेले. बेलसरचा विषाणू आशियाई वंशाचा निघाला. पण आशियाई वंश हा फार मोठा गोतावळा आहे, २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये हाहाकार माजवणारा झिकाही त्याच गोतावळ्यातली एक फांदी. नुसते "आशियाई" म्हटल्याने गावाचा पत्ता लागत नाही. उपयोगी उत्तर मिळाले ते राजस्थानच्या २०१८ च्या साथीत. जयपूरला दीडशेहून अधिक रुग्ण झाले आणि ब्राझीलचा विषाणू आला अशी धास्ती होती. जिनोमवरून दिसले की तो आशियातच आधीपासून फिरत असलेल्या विषाणूंपैकी होता, अमेरिका खंडातून आलेला नव्हता.

किती आधीपासून? पुण्यात १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झाले, तेच पुढे एनआयव्ही झाले. तिथल्या अगदी सुरुवातीच्या कामांत भारतीयांच्या रक्तातली प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तपासली गेली. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात काही लोकांचे रक्त झिकाच्या विषाणूला निष्प्रभ करत होते. हे काहीजण पुरावा म्हणून पुढे करतात. मी करणार नाही, कारण डेंगी आणि झिका इतके जवळचे नातलग आहेत की एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत सर्रास फसवतात. जिनोम असता तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते तंत्रच नव्हते.

आता तुमची सोसायटी. जून २०२४ मध्ये एरंडवण्यात रुग्ण सापडले, मग मुंढवा आणि इतर भागांत. समजा, तुमच्या दोन्ही शेजाऱ्यांचा पूर्ण जिनोम मिळाला आणि १०,८०० च्या १०,८०० अक्षरे तंतोतंत जुळली. यावरून एकाने दुसऱ्याला दिला हे ठरते का? हिशोब करून पाहू. झिका वर्षाला दहाएक अक्षरे बदलतो, म्हणजे सरासरी पाच आठवड्यांना एक. डासाने रुग्णाला चावल्यावर विषाणू त्याच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा दिवस लागतात, पुढच्या माणसाला चावल्यावर लक्षणे दिसायला तीन ते चौदा दिवस. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला दोन-तीन आठवडे धरा. म्हणजे विषाणू एका माणसातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात गेला तरी एकही अक्षर बदललेले नसणे अगदी शक्य आहे. अक्षरे जुळली तर दोघे एकाच साखळीतले आहेत एवढे कळते. पहिल्याने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने पहिल्याला दिला, की कोपऱ्यावरच्या दुकानात तिसऱ्याच कोणाला चावलेल्या डासाने दोघांना प्रसाद दिला, हे तिन्ही पर्याय तसेच उभे राहतात. त्यात झिका झालेल्या दहापैकी आठजणांना काही लक्षणच नसते. त्यांचा नमुना कोणी घेत नाही, म्हणजे साखळीतल्या बहुतेक कड्या आम्हाला कधी दिसतच नाहीत.

कोविडमध्येही हेच. पंधरा दिवसांना एक बदल आणि पाचएक दिवसांत पुढचा माणूस आजारी; म्हणजे एका बदलामागे सरासरी तीन माणसे. तेव्हा "अमक्याने आमच्या इमारतीत कोरोना आणला" म्हणून ज्या कुटुंबांना लोकांनी वाळीत टाकले, त्यातले फारसे काही कोणत्याही लॅबमध्ये सिद्ध झाले नसते.

उलट दिशेने मात्र उत्तर पक्के मिळते. दोन शेजाऱ्यांच्या जिनोममध्ये वीस-पंचवीस अक्षरांचा फरक निघाला, तर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही हे मी लेखी देईन. दोघांना दोन वेगळ्या ठिकाणाहून लागण झाली. रुग्णालयात एकाच वॉर्डात चारजण पॉझिटिव्ह निघाले की हेच पाहायचे असते. वॉर्डात पसरतोय, की चौघे बाहेरूनच घेऊन आले? पहिले असेल तर वॉर्ड बंद करून कर्मचाऱ्यांची तपासणी, दुसरे असेल तर शहरातच रुग्ण वाढलेत. या निर्णयासाठी सिक्वेन्सिंगवर केलेला खर्च मला नेहमी वसूल वाटतो.

आता "पूर्ण जिनोम मिळाला असे समजा" असे मी वर सहज म्हटले, तिथेच झिकाचे खरे दुखणे आहे. झिका रक्तात आठवडाभरही टिकत नाही आणि असतो तेव्हाही थोडाच असतो. लघवीत जरा जास्त दिवस सापडतो, म्हणून लघवीचा नमुनाही मागतात. लोक तो द्यायला कंटाळतात. आरटी-पीसीआरमध्ये विषाणू दिसायला वाढवण्याच्या किती फेऱ्या लागल्या हे सांगणारा सीटी व्हॅल्यू नावाचा आकडा कोविडमुळे सगळ्यांना पाठ झाला. तो साधारण सव्वातीनने वाढला की विषाणू दहापट कमी. सीटी २२ चा नमुना हातात आला की आम्ही खूश. ३३-३४ चा आला तर पॉझिटिव्ह हा निकाल खरा असतो, पण जिनोम तुकड्यातुकड्यांत हाती येतो. झिकाचे बरेच नमुने या दुसऱ्या जातीचे.

यावर एक तोडगा आहे आणि गंमत म्हणजे तो झिकासाठीच निघाला होता. ब्राझीलच्या साथीत नमुन्यांत विषाणू इतका कमी होता की नेहमीच्या पद्धतीने काही मिळेना. तेव्हा जिनोमचे सुमारे चारशे अक्षरांचे, एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे पाडून ते सगळे एकदम पीसीआरने वाढवायचे आणि मग वाचायचे, अशी पद्धत बसवली गेली. तीन वर्षांनी कोविड आला तेव्हा जगभरच्या लॅबनी हीच पद्धत उचलली. पुण्यात एनआयव्ही, एनसीसीएस, आयसर, बी. जे. मेडिकल या संस्थांत कोविडचे जे सिक्वेन्सिंग झाले, त्या काळात सिक्वेन्सिंग हा शब्द घराघरांत पोचला.

पण या पद्धतीला एक खोड आहे. लाखो पटींनी वाढवायचे म्हटल्यावर शेजारच्या नमुन्याचा एक कणही आपल्या नळीत आला तर तोही लाखो पटींनी वाढतो. म्हणून प्रत्येक फेरीत नुसत्या पाण्याची एक नळी घालतात. त्या पाण्यात विषाणू "सापडला" तर सगळी फेरी रद्द. दुसरे, जो तुकडा वाढलाच नाही तिथे अक्षरे कोरी ठेवली पाहिजेत. काही सॉफ्टवेअर तशीच सोडली तर ती जागा संदर्भ-जिनोमच्या (तुलनेसाठी घेतलेल्या आधीच्या जिनोमच्या) अक्षरांनी भरून टाकतात आणि मग न वाचलेला भाग वाचल्यासारखा दिसतो. असे दोन अर्धवट जिनोम जुळवले की ते छान जुळतात, कारण दोघांतही एकाच संदर्भाची ठिगळे असतात. एखाद्या अहवालात "हे सगळे रुग्ण एकाच साखळीतले" असे वाचले की मी आधी जिनोम किती टक्के वाचला होता ते बघतो. नव्वदच्या खाली असेल तर पुढचा परिच्छेद वाचण्याची घाई करत नाही.

चांगला जिनोम मिळाला तरी वंशवृक्षात फक्त तेच दिसते ज्याचा नमुना घेतला गेला. कोविडच्या डेल्टा प्रकाराचे घ्या. ज्याला पुढे मे २०२१ मध्ये डेल्टा हे नाव मिळाले, त्याचा सगळ्यात जुना नोंदलेला नमुना भारतातला, ऑक्टोबर २०२० चा. त्याच्या भावंडांची पहिली मोठी चाहूल लागली ती २०२१ च्या सुरुवातीला आपल्याच विदर्भात. यावरून तो भारतात निपजला असे म्हणणे बरेच सयुक्तिक आहे, कारण सुरुवातीची विविधताही इथेच दिसते. पण अमुक जिल्ह्यात, अमुक आठवड्यात असे कोणी सांगू लागले तर हात जोडावेत. २०२० च्या उत्तरार्धात देशात सिक्वेन्सिंगच फार थोडे होत होते. त्यासाठी प्रयोगशाळांचे जाळे, इन्साकॉग, उभे राहिले ते डिसेंबर २०२० मध्ये.

साचणाऱ्या चुकांचे हे घड्याळही कधीकधी चुकते, आणि ते चुकते तेव्हाच जास्त काही सांगून जाते. २०२१ च्या फेब्रुवारीत गिनीमध्ये पुन्हा इबोला आला. सगळ्यांनी धरून चालले की वटवाघळांतून नव्याने उडी घेतली असणार. जिनोम वाचला तर तो २०१४ ते २०१६ च्या मोठ्या साथीतल्या विषाणूच्याच वंशातला, आणि मधल्या पाच-सहा वर्षांत शंभराहून अधिक बदल अपेक्षित असताना डझनभरच झालेले. विषाणू इतकी वर्षे माणसांतून माणसांत फिरत असता तर बदल साचले असते. म्हणजे तो जुन्या साथीतून वाचलेल्या कोणाच्या तरी शरीरात जवळजवळ निपचित पडून होता आणि तिथून परत बाहेर आला. इबोला इतका काळ शरीरात राहू शकतो, यावर त्याआधी कोणी पैज लावली नसती. १९७७ चा फ्लू याहून अवघड जागेचे दुखणे. वीस वर्षे गायब असलेला एच१एन१ परत आला तो १९५० च्या आसपासच्या विषाणूसारखा जवळपास हुबेहूब. निसर्गात फिरणारा फ्लू पाव शतक तसाच राहत नाही. फ्रीझरमधला राहतो. प्रयोगशाळेतून किंवा लशीच्या चाचणीतून तो सुटला असावा, हे आज बहुतेक जाणकार मान्य करतात.

पहिल्या प्रश्नाबद्दल, म्हणजे कोणत्या प्राण्यातून याबद्दल, थोडक्यात. इथे उत्तर प्राण्यांचे किती नमुने आहेत यावर असते. २०१८ मध्ये कोझिकोडला निपाह आला तेव्हा त्या भागातल्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांत मिळालेला विषाणू रुग्णांतल्या विषाणूशी ९९.७ टक्क्यांहून अधिक जुळला. इतके जुळल्यावर स्रोताबद्दल शंका उरत नाही. तरी पहिल्या रुग्णाला तो नेमका कसा लागला, फळातून की आणखी कशातून, ते जिनोममध्ये लिहिलेले नसते. कोविडच्या बाबतीत वटवाघळांतले सगळ्यात जवळचे नातलग ९६-९७ टक्क्यांपर्यंतच जुळतात. तीन-चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ३०,००० अक्षरांत ते हजारभर बदल होतात, म्हणजे कित्येक दशकांचे अंतर. वाद मिटत नाही तो त्या मधल्या रिकाम्या जागेमुळे. आपल्याकडे एनआयव्हीच्या लोकांनी २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा शोधल्या. ती बातमी आली तेव्हा लोक घाबरले, स्ट्रॉबेरी खावी का असे मला विचारत होते. मला ती बातमी दिलासा देणारी वाटली होती. साथ येण्याआधी कोणीतरी गुहेत जाऊन आले होते.

एक अपवादही सांगतो, कारण सिक्वेन्सिंग म्हणजे रामबाण अशी समजूत होत चालली आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावर, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. तेव्हाही "जिनोम का काढत नाहीत" असा सूर होता. या आजारात हातपाय लुळे पडतात ते मूळ संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी. तोवर पोटातला जंतू बहुतेकदा निघून गेलेला असतो आणि वाचायला हातात काही उरत नाही. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोटाचे जंतू मिळाले, संशय पाण्यावर होता. अशा वेळी नकाशावर रुग्णांचे ठिपके काढणे, कोणाकडे कुठले पाणी येते ते विचारणे आणि त्यात क्लोरीन किती आहे ते मोजणे हेच पहिले काम. मशीन नंतर.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: आम्हाला का सांगितले नाही.

त्यात लपवाछपवी असेलच असे नाही. सिक्वेन्सिंगच्या निकालाने रुग्णाचे औषधपाणी बदलत नाही. झिका कोणत्याही फांदीवरचा असो, विश्रांती, पाणी, पॅरासिटामॉल, आणि गर्भवतीच्या पोटातल्या बाळावर सोनोग्राफीने नजर. त्यामुळे हा निकाल रुग्णाच्या हातात द्यायचा रिपोर्ट म्हणून बनतच नाही. तो राज्याच्या आरोग्य विभागाकडे जातो, तोही एकगठ्ठा. मशीन एका नमुन्यासाठी चालवणे परवडत नाही म्हणून नमुने साठवून एकत्र वाचतात, आणि नमुना घेतल्यापासून निकाल येईपर्यंत आठवडे सहज जातात. तोवर पावसाळा ओसरलेला असतो. पाहिजे तर जेनबँकसारख्या खुल्या संग्रहात पुण्याचे जिनोम शोधता येतात. तिथे साल, राज्य, फार तर जिल्हा दिसेल. नाव आणि इमारत दिसणार नाही, आणि दिसूही नये. वाळीत टाकण्याचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे.

तरी महापालिकेच्या आरोग्य विभागाला दोन गोष्टी जरूर विचारा: आमच्या भागातल्या किती नमुन्यांचा जिनोम काढला, आणि ते सगळे एकाच फांदीवर बसले की अनेक? एकच फांदी निघाली तर विषाणू एकदा शिरून इथल्याच डासांत फिरत राहिला, म्हणजे तुमच्याच टाक्या, कुंड्या, बांधकामावरचे साचलेले पाणी पाहायला हवे. झिका पसरवणारा एडिस डास काही शे मीटरच्या पलीकडे सहसा उडत नाही. अनेक फांद्या निघाल्या तर तो शहरात पुन्हा पुन्हा बाहेरून येतोय आणि एका वॉर्डात धूर फवारून भागणार नाही. या प्रश्नाचे उत्तर द्यायला कोणाचे नाव सांगावे लागत नाही.

आणि पुढच्या वेळी नमुना द्यायची पाळी आली तर फॉर्मकडे लक्ष ठेवा. ताप कोणत्या तारखेला आला, त्याआधीच्या दोन आठवड्यांत कुठे मुक्काम केला, कामाचे ठिकाण कोणते, हे रकाने भरून घ्यायला लावा. नमुना घेणारा माणूस घाईत असतो, "प्रवास नाही" यावर टिक करून पुढे सरकतो. तुम्ही आदल्या आठवड्यात पुरंदरला लग्नाला जाऊन आला असाल तर ते त्याला थांबवून सांगा, आणि लघवीचा नमुना मागितला तर तोही द्या.